फाटकवाल्याची शर्यत

पंडितभाऊ इंगळे या माणसानं माझं दोनदा नुकसान केलं आणि दोन्ही वेळा तो नियमात होता. नियमात नसता तर मी भांडून मोकळा झालो असतो. नियमातल्या माणसाशी भांडताही येत नाही, मग राग तसाच आत मुरतो, लोणच्यासारखा.

पहिलं नुकसान फाटकावरचं. वाशीमहून अकोल्याकडे जाणाऱ्या रेल्वे लाइनीवर गावाबाहेर एक फाटक होतं. आता तिथं रुळाखालून रस्ता झालाय आणि पावसाळ्यात त्यात म्हशी डुंबतात. पण तेव्हा फाटक होतं आणि फाटकावर पंडितभाऊ होते. मी भंगाराचा धंदा सायकलवर सुरू केला, पुढं टेम्पो घेतला, आणि टेम्पो घेतला त्याच वर्षी एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीचं सगळं लोखंड मोडीत निघालं. सकाळी बोली होती. मी निघालो आणि माझ्या डोळ्यांदेखत फाटक खाली आलं. लांबवर गाडी दिसत नव्हती. रुळात एक कुत्रं निवांत झोपलेलं होतं.

"पंडितभाऊ, त्या कुत्र्याले माहीत हाय गाडी नाई येत. एका मिनिटात निघतो ना मी."

"एका मिनिटात निघता," त्यांनी माझं बोलणं परत म्हणून दाखवलं. मग म्हणाले, "घाई असेल तर घरून लवकर निघायचं, शेठ."

मालगाडी आली, रमतगमत गेली, आणि मी पोचेपर्यंत रिसोडच्या एका व्यापाऱ्यानं सगळं लोखंड उचललं होतं. त्या लोखंडावर त्यानं माडी चढवली. त्या माडीसमोरून जाताना मी अजून मान दुसरीकडे करतो.

समोरच्याचं बोलणं आधी परत म्हणायचं आणि मग उत्तर द्यायचं, ही त्यांची सवय नोकरीतली. स्टेशन मास्तर फोनवर जे सांगेल ते गेटमननं शब्दाला शब्द परत सांगायचं, म्हणजे ऐकण्यात चूक नको. फोन सुटला तरी सवय सुटली नाही. "चहा घेता का?" म्हटलं की "चहा घेता का," असं गंभीरपणे म्हणत आणि मग "घेतो." त्यांच्या पत्नी कमलबाई सांगत, "लग्नात भंतेजी जे म्हणत ते यायनं दोनदा म्हटलं. लोकाईले वाटलं, पोरगा लयच धार्मिक हाय."

माणूस तसा ठेंगणा, छाती पुढं काढून चालणारा, आणि स्वतःवर भारी खूश. निवृत्त झाल्यावरही निळा सदरा घालत आणि गळ्यात शिट्टी अडकवत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या थांबवल्या, स्वतः मात्र सायकलच्या पुढं काही चालवलं नाही. कारण विचारलं तर म्हणत, "म्या फाटकावर काय काय पाह्यलं ते तुमी नाई पाह्यलं." पुढं सांगत नसत. ड्रायव्हर या जातीवरच त्यांचा राग होता. त्यातही फाटक पडल्यावर मोटारसायकल आडवी करून दांड्याखालून काढणाऱ्यांवर विशेष.

आणि त्यांच्या एकुलत्या एका पोरीनं, प्रज्ञानं, नेमका तसाच एक पसंत केला.

मिलिंद अकोल्याचा, भाड्याची गाडी चालवणारा. वाशीमला भाडं सोडून मित्राच्या मोटारसायकलवर फिरत असताना तो फाटकाखालून निघाला आणि पंडितभाऊंनी त्याची कॉलर धरली. फाटकाला लागूनच त्यांचं क्वार्टर. प्रज्ञा दारात उभी होती. बापानं ज्याला आयुष्यभराचा धडा म्हणून अर्धा तास रुळाकडेला बसवून ठेवलं, त्याला पोरीनं पाणी नेऊन दिलं. पुढचं काय सांगायचं. लग्न झालं, पंडितभाऊ मांडवात हजरही राहिले; पण सासरा-जावयात बोलणं म्हणून नव्हतं. जे झालं ते एकदाच, मांडवातच. पंडितभाऊ कुणाला तरी ड्रायव्हरांविषयी सांगत होते, ते मिलिंदनं ऐकलं.

"ज्यानं जन्मात स्टेअरिंग धरलं नाई," मिलिंद म्हणाला, "त्यानं ड्रायव्हरले शिकवू नये."

"ज्यानं जन्मात स्टेअरिंग धरलं नाई," पंडितभाऊंनी परत म्हटलं, आणि पाठ फिरवली.

दुसरं नुकसान माझ्या दुकानातलं. एका बंद झालेल्या सायबर कॅफेचं सामान मी घाऊक उचललं होतं. त्यात एक कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडायचं एक स्टेअरिंग, खाली तीन पेडल. कॅफेवाला म्हणाला, याच्यावर घरी बसून मोटारींची शर्यत खेळतात, दूरदूरचे लोक एकाच रस्त्यावर. मी ते काचेमागं ठेवलं. एक दिवस पंडितभाऊ आले, बराच वेळ त्या स्टेअरिंगकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे चालवताना कोणी मेलं तर?"

"पडद्यावरचं हाय, भाऊ. कोणी मरत नाई."

"कोणी मरत नाई. कितीले?"

मला जिनिंगचं लोखंड आठवलं. मी असा भाव सांगितला की, समोरच्यानं शिवी द्यावी. घासाघीस करायला मी बाह्याही वर सारल्या. मनात ठरवलं होतं, याला तासभर घुमवायचं, दोनदा दुकानातून उठून जायला लावायचं, तिसऱ्यांदा रस्त्यावरून परत बोलवायचं. तर या माणसानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून पैसे काढले आणि सांगितला तेवढा भाव माझ्या हातावर ठेवला.

मी आजवर इतका अपमान सोसलेला नाही. भाव न करता माल नेणं म्हणजे समोर माणूसच नाही असं समजणं. मी म्हणालो, "काहून हो, भाव तर करा!" ते म्हणाले, "तुमी सांगतलं, तेच खरं असंन ना." तो सूड आजतागायत माझ्या घशात अडकलेला आहे.

ते सामान त्यांच्या घरी आठ-पंधरा दिवस टिकलं. त्यांच्या वस्तीतली इंटरनेटची वायर वानरं पुन्हा पुन्हा तोडत. मग ते माझ्या दुकानात एक कोपरा भाड्यानं मागायला आले. मी पुन्हा भाव फुगवला आणि त्यांनी पुन्हा तो दिला. तेव्हापासून जुन्या कपाटांच्या आणि मळणीयंत्राच्या पट्ट्यांच्या मधे, माझ्या डोळ्यांसमोर, पंडितभाऊ गाडी चालवायला शिकले.

सुरुवातीला ती गाडी पाहून गिऱ्हाईकं पोट धरून हसत. इतर गाड्या भणाभणा जात आणि यांची कडेनं अशी चाले की, जणू आत बाळंतीण बसली आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हॉर्न कुठं हाय?" हॉर्न नाही म्हटल्यावर त्यांचा या खेळावरचा विश्वास थोडा वाढला. वळणाजवळ थांबून ते दोन्हीकडे पाहत. झेंड्यांबद्दल मात्र त्यांना काही शिकवावं लागलं नाही. हिरवा म्हणजे निघा, लाल म्हणजे थांबा. पुढं कुणाची गाडी घसरली की पडद्यावर पिवळा येतो, तेव्हा वेग कमी करायचा आणि कुणाला ओलांडायचं नाही. पिवळा आला की ते खुर्चीत ताठ होत. बाकी सगळे तसेच सुसाट निघून जात आणि पंडितभाऊ पडद्याला म्हणत, "जा. जा. फाटकाखालून निघणारे तुमी."

मग ती बातमी आली. प्रज्ञाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सातव्या महिन्यात पोरीला घ्यायला बापानं जायचं, ही आपल्याकडची रीत. पंडितभाऊ म्हणाले, त्या ड्रायव्हरची पायरी मी चढणार नाही, त्यानं आणून सोडावं. मिलिंदनं निरोप धाडला, बाप घ्यायला आल्याशिवाय बायको पाठवणार नाही. कमलबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डिंक आणून ठेवला होता, तो तसाच राहिला. दोन्हीकडून निरोप जात-येत राहिले, दिवस भरत चालले आणि कमलबाई माझ्या दुकानात येऊन डोळे पुसू लागल्या.

तोड काढली ती प्रज्ञानं. अकोल्यातल्या एका गेम पार्लरवाल्यानं ऑनलाइन शर्यत ठेवली होती, नागपूर-अमरावतीपासून नांदेडपर्यंतच्यांसाठी. मिलिंद रिकाम्या वेळी त्या पार्लरमध्ये खेळायचाच. बाप वाशीमला भंगाराच्या दुकानात बसून हेच करतो, हे तिला आईकडून कळलं होतं. तिनं दोघांना सांगितलं, यात उतरा. बाबा मागं राहिले तर बाबा घ्यायला येतील. हे मागं राहिले तर हे आणून सोडतील. "दोघंही हट्टी, पण दोघंही शब्दाचे," ती आईला म्हणाली. "माझ्या पोटातल्याले वाट पाहता येत नाई."

शर्यत इटलीतल्या एका सर्किटवर होती. ते निव्वळ वेगाचं मैदान. लांबच लांब सरळ रस्ते आणि मधे नावापुरती वळणं. पंडितभाऊंनी तयारी सुरू केली ती घराच्या अंगणातून. चुन्याच्या भुकटीनं त्यांनी सगळं सर्किट अंगणात आखलं आणि बूट घालून त्यावरून चालू लागले. वळणांची परदेशी नावं जिभेवर बसेनात, म्हणून आपल्या भागातल्या गावांची दिली. पहिलं अरुंद वळण मेडशी, कारण तिथं सगळ्यांचा घोळका होतो. शेवटचं लांबलचक उजवं वळण केनवड. शेजारपाजारचे चुना चुकवून जात. कमलबाई सडा टाकायच्या तेव्हा केनवड रोज वाहून जायचं आणि रोज नवीन आखलं जायचं.

खरी भांडणं झाली ती पंख्यावरून. त्या गाडीला मागं पक्ष्याच्या पंखासारखी एक पट्टी असते, तिलाच पंखा म्हणायचं. तो उभा ठेवला तर गाडी वळणावर जमिनीला धरून राहते, आडवा केला तर सरळ रस्त्यावर सुटते पण वळणावर नाचते. पंडितभाऊंनी तो पार उभा ठेवला होता. सरावात कुणाला किती वेळ लागला ते सगळ्यांना दिसत असे. त्यात मिलिंद कितीतरी वर होता.

"पंखा पाडा," मी ओरडलो. "सरळ रस्त्यावरच मार खाऊन राह्यले तुमी!"

"पंखा पाडा. घाई असेल तर घरून..."

"इथं घर नाई, भाऊ! सगळे एकाच वेळी एकाच जागेवरून निघून राह्यले!"

हे त्यांना पटलं. त्यांनी पंखा एक-एक खूण करत खाली आणला.

ब्रेकचं मी शिकवलं. गाडी चालवण्यातलं मला काही कळत नाही, पण सौद्यातलं कळतं. सरळ रस्ता संपताना दोघं जोडीनं वळणाकडे येतात तेव्हा जो आधी ब्रेक मारतो तो मागं पडतो. मी म्हटलं, "हे भावासारखं हाय. जो आधी आकडा बोलला तो गेला. समोरचा बोलेपर्यंत तोंड बंद."

"समोरचा बोलेपर्यंत तोंड बंद," ते म्हणाले आणि सरळ वळणाबाहेरच्या वाळूत गेले. मग परत गेले. आठवडाभर ते वाळूतच होते. माझ्या दुकानात जुनी कपाटं विकत घ्यायला येणारी माणसं कपाट विसरून "मारा! आता मारा!" असं ओरडू लागली. माझा धंदा बसला, त्याचा हिशेब वेगळाच. पण हळूहळू त्यांचा पाय थांबायला शिकला. आणि एकदा थांबायला शिकल्यावर तो कुणाच्या बापाला ऐकेना. आयुष्यभर ज्यानं शंभर हॉर्नांसमोर फाटक उघडलं नाही, त्याच्याशी धीराची शर्यत कोण लावणार?

शर्यतीच्या दिवशी दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी इन्व्हर्टर दोनदा तपासला होता. कमलबाई डब्यात भाकरी, झुणका आणि ठेचा घेऊन आल्या आणि उलट्या ठेवलेल्या टाकीवर बसल्या.

"अवं," त्या म्हणाल्या, "हरा न एकदाचे. हरले तर उद्या सकाळीच जाऊन आणता येईन पोट्टीले. जिंकले तर तो कधी आणंन त्याचा काय भरवसा?"

"हरा एकदाचे," पंडितभाऊ म्हणाले. "हरलो तर जाईन. पण हरायले बसलो नाई मी."

त्यांनी प्रत्येक वायर ओढून पाहिली, शिट्टी सदऱ्यात टाकली, बूट काढून मोजे काढले. हिरवा लागला. मेडशीला घोळका झाला, चार-पाच गाड्या एकमेकांवर आदळल्या, आणि आपले पंडितभाऊ मागून शांतपणे, पिवळ्याखाली हळू, त्या ढिगाऱ्याच्या कडेनं निघाले. तिथंच ते वर आले. त्यापुढं बराच वेळ मिलिंदची निळी गाडी पुढं आणि यांची मागं, तिच्या हवेच्या आडोशाला चिकटून. शेवटून दुसऱ्या फेरीला, सर्वांत लांब सरळ रस्त्यावर यांनी गाडी बाहेर काढली. दोघं जोडीला आले. वळण समोर येत होतं. कमलबाईंनी डोळे मिटले. निळ्या गाडीनं आधी ब्रेक मारला.

मी टाकीवर बुक्की मारली. पंडितभाऊ जावयाच्या पुढं होते.

शेवटची फेरी. फक्त केनवड उरलं होतं. आणि केनवडच्या तोंडाशी, पुढं कुणाची तरी गाडी गरगरली आणि पडद्यावर पिवळा आला.

पंडितभाऊंनी पाय उचलला.

"नका!" मी ओरडलो. "पंडितभाऊ, नका! पुढं काही नाई!"

निळी गाडी भुर्रकन त्यांच्या शेजारून निघून गेली. शर्यत संपली. मिलिंद नववा, पंडितभाऊ दहावे.

त्यानंतर मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. माझी बायको वरच्या मजल्यावरून खाली आली. "गेमातला झेंडा तो!" मी म्हणत होतो. "कोणी मरत नाई असं म्याच सांगतलं होतं ना तुमाले! रस्ता मोकळा होता!"

पंडितभाऊ मोजे घालत होते. ते सावकाश म्हणाले, "शेठ, पुढं काय हाय ते झेंडा दाखवणाऱ्याले दिसते. गाडीवाल्याले नाई दिसत. दिसत असतं तर म्या जन्मभर तिथं कायले उभा राह्यलो असतो?"

मग एक लेखी सूचना आली. पिवळ्याखाली कुणी ओलांडलं असेल तर अर्ध्या तासात तक्रार करा, परीक्षक रेकॉर्डिंग पाहतील, दंडाचे सेकंद लावतील. मी झडप घातली. "करा तक्रार! तुमचाच हक्क हाय!"

"जावयाची तक्रार?" कमलबाई उभ्या राहिल्या. "हात लावून पाह्या त्या बटनाले! नांदायचं हाय तिथं आपल्या पोरीले!"

"तक्रार नाई करत," पंडितभाऊ म्हणाले. "म्या माझा झेंडा पाळला. त्याचा त्यानं पाहावा. हरलो. सकाळच्या गाडीनं अकोला." ते बोलले सरळ, पण शिट्टी सदऱ्यातून काढून गळ्यात अडकवायला त्यांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला. लोक एकेक करून उठू लागले. मला तर वाटलं, माझंच लोखंड दुसऱ्यांदा गेलं.

अर्धा तास संपत आला तेव्हा पडद्यावर एक ओळ उमटली. तक्रार आली होती. मी चष्मा पुसून वाचली. तक्रार कुणाविरुद्ध: मिलिंद. तक्रार करणारा: मिलिंद.

आम्ही एकमेकांकडे पाहत असतानाच फोन वाजला. पंडितभाऊंनी तो स्पीकरवर लावला. लग्नानंतर पहिल्यांदाच जावयाचा आवाज त्यांच्या कानावर पडत होता.

"बाबा, म्या नाई केली," मिलिंद म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो. म्या पाणी प्यायले गेलो होतो. प्रज्ञानं माझ्या मोबाइलवरून केली."

मागून प्रज्ञाचा आवाज आला, "केली! फाटकावर वाढली मी. पिवळ्यात निघाले हे, म्या इथंच उभी राहून पाह्यलं. आणि बाबा, तुमी घ्यायले आले असते तर मले गाडीच्या तीन तास आधी स्टेशनवर नेऊन बसवलं असतं. मले या पोटानं बाकड्यावर नाई बसायचं. मले आपल्या गाडीत मागं पाय लांब करून यायचं हाय."

दंडाचे सेकंद लागले. पंडितभाऊ नववे, मिलिंद दहावा. कमलबाई हसत की रडत होत्या ते कळलं नाही, कारण पदर तोंडावर होता. मी सगळ्यांना चहा सांगितला. किती पैसे गेले ते कुणी विचारू नये.

मिलिंद शब्दाचा निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी यांच्या दारात येऊन थांबली. मी तिथं होतो, कारण मला ते पाहायचं होतं, आणि माझा तेवढा हक्क होता. प्रज्ञा उतरून आईच्या गळ्यात पडली. जावई गाडीशीच उभा, सासरा दारात उभा. मधे अंगण आणि अंगणात पुसट झालेला चुना.

"किती वाजता निघाले?" पंडितभाऊंनी विचारलं.

"सहाले," मिलिंद म्हणाला. "रस्ता खराब हाय न, म्हणून हळू आणायची होती तिले."

"सहाले," पंडितभाऊ म्हणाले. "या. चहा घ्या."

नात झाली. हिवाळ्यात पोर घेऊन प्रज्ञा अकोल्याला परत गेली आणि तिच्या हाताशी कुणी हवं म्हणून पंडितभाऊ-कमलबाईही मागं गेले, ते तिकडेच राहिले. माझा कोपरा रिकामा झाला. त्या कोपऱ्याला तसं भाडं पुन्हा कुणी दिलं नाही. जो येतो तो भाव करतो.

ते जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. आसेगावहून मोडीचा माल भरून परत येत होतो आणि रस्त्यावर पुढं गाड्यांची रांग लागलेली. एसटी, दोन ट्रॅक्टर, एक दूधवाला, सगळे गोगलगायीसारखे. माझं डोकं तापलं. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. एकेकजण पुढं सरकला, माझी पाळी आली, मी काच खाली केली आणि शिवी ओठावर आणली, तर शेजारी मिलिंदची गाडी. स्टेअरिंगवर पंडितभाऊ. डिसेंबरच्या थंडीत कपाळावर घाम, नजर समोर रस्त्यावर खिळलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बाजूच्या सीटवर मिलिंद, एक हात हँडब्रेकवर ठेवून, हळू आवाजात काहीतरी सांगत होता. मागं कमलबाई, खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर काढून, कोंबड्या हाकलाव्या तशा सगळ्या वाहनांना पुढं जा, पुढं जा करत होत्या. मलाही केलं.

मी गेलो. आरशात पाहिलं तर माझ्यामागून एक बैलगाडी त्यांना ओलांडून निघाली होती आणि कमलबाईंचा हात तिलाही पुढं काढून देत होता. पण गाडी चालत होती.